जिभा बघणारा धनाजी

माणूस भेटला की लोक नाव विचारतात. धनाजी जीभ बघायचा. सांगलीच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन खोलीच्या दारात उभा, तर हा माझा नवा पार्टनर म्हणाला, “आधी जीभ काढ गड्या.” मी काढली. “पोट साफ न्हाई तुजं. नेटवर हाय.”

तेव्हा सांगलीत इंटरनेट कॅफे नुकते निघाले होते. आम्ही मुलं तिथं काय बघायला जायचो ते न सांगितलेलं बरं. म्हसवडचा हा पठ्ठ्या मात्र मांडीवर डिक्शनरी घेऊन रोगांची माहिती वाचायचा. नेटवर आलं म्हणजे त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

एकदा त्यानं उंचीप्रमाणे वजनाचा तक्ता छापून आणला. माझ्या उंचीला वजन हवं एकशेचाळीस. मी साठाच्या आत. “लय अवघड हाय तुजं,” तो हळू आवाजात म्हणाला. मग काय, सगळं होस्टेल केळी आणि गूळ-शेंगदाण्यावर तुटून पडलं, मेसच्या मावशी भाकऱ्या थापून कावल्या. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की तक्ता अमेरिकेचा आहे आणि वजन पौंडात आहे. धनाजी ओशाळेल तर शपथ.

“मग किलोत लिवायचं की. माणसं मरतील अशानं.”

दिवाळीआधी त्याची आई आली. पाय सुजलेले. तिची जीभ त्यानं बघितली नाही, तडक दवाखान्यात नेलं. मलाही ओढलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, मूत्रपिंडाचं काहीतरी भराभर सांगितलं आणि म्हणाल्या, “काही विचारायचंय?”

अख्ख्या होस्टेलचा वैद्य आईची पिशवी छातीशी धरून उभा. मग पुटपुटला, “परत सांगता का बाई? जरा हळू.”

बाईंनी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि चित्र काढून समजावलं. वेळेत आलात, औषधानं उतार पडेल, मीठ तेवढं तोडा.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “वडील गेले त्या टायमाला डाक्टर असंच भराभरा बोलला. आमी नुसत्या माना हलवल्या. कुणी इचारलंच न्हाई रं. नेट कसं, कितींदा बी इचारा, कावत न्हाई.”

आई पायरीवर टेकली होती. “धना, नेटवर काय लिवलंय रं माज्या दुखण्याचं?”

तिच्या सुजल्या पायांत हलक्या हातानं चपला चढवत तो म्हणाला, “नेट ऱ्हाऊ दे आयं. बाईंनी सांगितलंय. मी दोनदा इचारून घेतलंय.”