न बुडणाऱ्या अस्थी

या, अशा जवळ सरका. बुवा अजून पेटी लावताहेत, तोवर आमच्या लंडनातल्या स्टॅनमोरच्या मोहनरावांची फजिती सांगते.

मोहनराव म्हणजे निवृत्त हाडांचे डॉक्टर. आपल्या मंडळींत कुणी गेलं आणि मुलांना सवड नसली, की अस्थी त्यांच्या देवघराखालच्या कपाटात येऊन पडायच्या. मोहनराव त्या भक्तिभावाने थेम्समध्ये सोडून यायचे. एका सकाळी कपाटात नवा खोका दिसला. उघडला, तर आत अख्खी कवटी!

"अहो, इथे अस्थी म्हणजे राखच मिळते ना?" त्यांच्या पत्नी श्यामलाबाई चाचरल्या. "एवढी कशी उरली?"

"हल्ली कोण धड काम करतं? बाईची आहे, जबडा बघ. जन्मभर हाडं पाहिलीत मी!" चष्मा शोधायचीही त्यांना गरज वाटली नाही.

"नाव नाही हो लिहिलेलं."

"देवाला ठाऊक असतं. चल."

धक्क्यावर अभंग म्हणत त्यांनी कवटी पाण्यात सोडली. ती बुडेना. मोहनरावांनी छत्रीने ढोसली. खाली गेली, वर आली आणि त्यांच्याकडेच बघत राहिली. पुलावरची एक बाई किंचाळली. पोलीस आले.

"हूज हेड इज इट, सर?"

"आय डोन्ट नो," मोहनराव म्हणाले, "बट शी वॉज अ गुड वुमन."

शेवटी सुनेला फोन लागला.

"बाबा!" कल्याणी रडकुंडीला आली. "ती रेझिनची आहे! आफ्रिकेत सापडलेल्या जीवाश्माची कॉपी. वीस लाख वर्षांपूर्वीची बाई ती! दुपारी माझं लेक्चर आहे, त्यावर पर्मनंट जॉब ठरणार. देवाखाली सेफ राहील म्हणून ठेवली, आणि तुम्ही..."

ओली कवटी मांडीवर घेऊन, मान खाली घालून मोहनराव पोलिसांच्या गाडीतून युनिव्हर्सिटीत पोचले. हाडांच्या डॉक्टरला हाड ओळखू आलं नव्हतं! हॉलमध्ये ते शेवटच्या रांगेत बायकोच्या आड बसले.

कल्याणीने दात दाखवले, कपाळ दाखवलं, मेंदूची जागा दाखवली, आणि ही माणसाची पूर्वज असावी असं मांडलं. एका परीक्षकाने विचारलं, "पण ही आपल्याच नात्यातली, हे कशावरून?"

"हाडं सांगतात तेवढं मी सांगितलं," कल्याणी म्हणाली. "नक्की म्हणायला आणखी हाडं सापडायला हवीत. पण आज सकाळी माझ्या सासऱ्यांनी नावगाव न विचारता तिचं क्रियाकर्म केलं. घरच्यांशिवाय कोण करतं एवढं?"

हॉल हसला, परीक्षकही हसले. नोकरी मिळाली. मोहनरावांना मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तर बायांनो, संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा आपल्या गेलेल्या माणसांत तिलाही आठवा. नाव कुणालाच माहीत नाही. नुसतं 'आजी' म्हटलंत तरी पोचेल.