दुसरं टोक धरायला

आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि तिला टेकलेल्या लोखंडी कपाटाची पाठ गंजायला लागली, तेव्हा काकूंना मनातून आनंदच झाला. कपाट बाहेरच्या खोलीत न्यायचं म्हणजे दोन टोकांना दोन माणसं हवीत. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मुलगा. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. तो "पुढच्या रविवारी नक्की" म्हणायचा, पण तो रविवार अजून कुठल्या कॅलेंडरात छापलेला नव्हता.

"अहो, त्याला बोलावू या का?"

"एका कपाटासाठी?" फिटरकाका म्हणाले. सगळी नोकरी कारखान्यात अवजड यंत्रं हलवण्यात गेल्यामुळे गल्लीत त्यांना हेच नाव होतं. "वजन अंगानं नाही, अकलेनं उचलायचं असतं. त्याला त्याची कामं आहेत."

पुढचे काही दिवस अंगणात करवत चालली. पाईप कापून रूळ झाले, फळ्यांचा उतार झाला, लाकडाच्या पाचरी झाल्या, जुन्या टायरची चार रबरं पायांखाली घालायला झाली. शिवाय काकांनी खाटेच्या नवारीचा एक पट्टा स्वतः शिवला. दोन टोकांना दोन फेरे, ते खांद्यात अडकवायचे आणि कपाट मध्ये तोलायचं. काकूंनी दुसरा फेरा घालून पाहिला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबला.

"माझं माप घ्यायचं होतंत की!"

"राहू दे. रूळ आहेत," म्हणून काकांनी पट्टा गुंडाळून ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी कपाट रिकामं करून पाईपांवर चढवलं. काका आतून पहारीनं रेटणार, काकू बाहेरून दिशा सांगणार.

"कपाटाखाली हात घालायचा नाही. उताराच्या बाजूला उभं राहायचं नाही."

"आणि नवऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. कळलं. ढकला."

कपाट निघालं ते एखाद्या नव्या नवरीसारखं सावकाश, दबकत. उंबरठा चढलं, निम्मं बाहेर आलं आणि त्याची मूठ चौकटीला अडकून जागच्या जागी बसलं. पुढे जाईना, मागे येईना. मग दोघांच्या लक्षात आलं की पहार आणि पाईप आत आहेत, स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आहे, आणि आतल्या खोलीला दुसरं दार नाही.

"स्क्रू-ड्रायव्हर वरून दे. मूठ माझ्या बाजूला आहे, काढतो."

काकू स्टुलावर चढल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा! त्यांनी तो स्पीकरवर टाकून कपाटाच्या डोक्यावर ठेवला, म्हणजे दोघांनाही ऐकू यावं.

"आई, आवाज असा का घुमतोय? कुठे आहेस?"

"मी बाहेरच्या खोलीत. बाबा आतल्या खोलीत."

"मग?"

"मध्ये कपाट."

"काही नाही रे, किरकोळ आहे!" आतून काका ओरडले.

"बाबा, या वयात? कोणी कशाला हात लावायचा नाही. मी रविवारी येतोय. येतोय म्हणजे येतोय!"

फोन बंद झाला. काकू स्टुलावरच राहिल्या.

"अगं, देतेस ना?"

"सापडत नाहीये," काकू म्हणाल्या. स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातातच होता.

"मला रविवारपर्यंत आतच ठेवणार आहेस का?"

काकूंनी क्षणभर खरंच विचार केला. चहा वरून देता आला असता. पण माणसाला चहाखेरीजही अडचणी असतात. त्यांनी निमूटपणे हात वर केला.

मूठ निघाली आणि कपाट लोण्यातून सुरी जावी तसं बाहेर आलं. भिंतीशी चार रबरांवर ऐटीत उभं राहिलं. ओरखडा नाही, कुणाच्या बोटाला खरचटलं नाही. काका समोर खुर्ची टाकून बसले आणि आपलाच फोटो पाहावा तसे बघत राहिले.

"झालं मनासारखं," काकूंनी फोन उचलला. "त्याला कळवते. उगाच खेप नको त्याला."

काका उठले, आत गेले, भिंतीला हात लावून आले.

"तशी फार काही ओल नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कपाट अजून दोन-तीन दिवस आत राहू शकतं." त्यांनी काकूंकडे बघायचं टाळलं. "पाईप दे."

आणलं तसं नेलं. संध्याकाळी मुलानं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "कपाट परत आत ढकललं." यात खोटं काहीच नव्हतं.

रविवारी तो खरोखर आला. पाईप, पहार, फळ्या खाटेखाली लपल्या होत्या. काकांनी फक्त पट्टा काढला. मुलानं दुसरा फेरा खांद्यात अडकवला, तर तो त्याच्या मापाला काटेकोर बसला. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा स्क्रू घट्ट करण्यात गढला होता, त्या मुठीचा, जी आता काढायचीच होती.

"पाठ ताठ. गुडघ्यात वाक. मी म्हणेन तेव्हाच उचल."

"हो, बाबा."

"घाई करू नकोस रे."

"नाही करत, बाबा."

काकांनी वाटेत चारदा थांबायला लावलं. इतकं सुरक्षित वजन त्यांनी उभ्या आयुष्यात उचललं नसेल.

बाहेरच्या खोलीत रबरं मांडलेलीच होती. मुलगा ती नीट करायला वाकला. नुकत्याच कापलेल्या रबरात कपाटाच्या पायांचे खोल ठसे उमटलेले होते. त्यानं एका ठशावरून बोट फिरवलं. काकांना एकाएकी छताचं निरीक्षण करावंसं वाटलं.

मुलानं ठशांवर कपाटाचे पाय बरोब्बर टेकवले, दोन पावलं मागे सरला आणि कपाळाला आठी घातली.

"आई, इथं उजेड अडतोय गं. चांगलं नाही दिसत. आतली भिंत वाळली की परत आत घेऊ. मीच येईन. आणि बाबा, तोवर याला हात लावायचा नाही."

"एका जागी काही राहू देऊ नका तुम्ही मायलेक," काका करवादले.

त्याला बसथांब्यापर्यंत पोचवून काकू परतल्या तेव्हा घरात घरघर ऐकू येत होती. आतल्या खोलीत काकांनी टेबलफॅन मांडला होता. स्वतः घामानं निथळत शेजारी बसले होते, आणि पंख्याचं तोंड होतं भिंतीकडे.