आईसाठी सागवानी पलंग

पलंगाच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवूच शकत नाही, अशी हेमराजची पक्की खात्री होती. धुळ्याच्या सरकारी कचेरीत वीस वर्षं त्यानं टेबल-खुर्च्यांचीच खरेदी सांभाळली होती. लाकडावर बोटानं टकटक केलं की आत काय दडलंय ते आपल्याला कळतं, असं तो सांगे. म्हणजे, तो एकटाच सांगे!

"पलंग मी आणणार. त्यात कोणी बोलायचं नाही!" रविवारी पिंप्राळ्याच्या घरी येऊन त्यानं जाहीर केलं.

वेळ मात्र बढाई मारण्याची नव्हती. त्याची आई धुरपदाबाई पहिल्या श्रावणी सोमवारी महादेवाला निघाली आणि भर पावसात पायरीवरून घसरली. छत्री मोडली, चप्पल तुटली, खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हेमराजला बाजूला घेऊन बजावलं होतं, "जमिनीवर झोपणं आता बंद. गुडघ्याएवढा उंच, न हलणारा पलंग घ्या. खालून उठताना हाड पुन्हा सरकलं, तर या वयात परत चालणं नाही."

हेमराजनं दवाखान्यात हे आईला सांगितलं, तसं तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. जन्मभर ती सतरंजीवर झोपलेली.

"तुना बाप पलंगवर चढना, तो तीन वरीस उतरना नही," ती म्हणाली. "शेवट चार जनेस्नी उतारा. माले पलंग नको."

 हेमराज मग लाकडाकडे वळला.

"बॉक्सचा पलंग घ्या," त्याची बायको दिपमाला म्हणाली. "बठ्ठ्या गोधड्या, अगदी सगळ्या, आत मावतील."

"आणि गोधडी काढायची म्हणजे आईसकट पलंग उचलायचा? आई सरळ भिंतीवर जाईल!"

"मग लोखंडी. वाळवी तरी लागत नाही."

"लोखंडी पाहून आईला वाटेल, दवाखान्यातून अजून सुटलीच नाही."

"प्लायचा?"

"पावसाळ्यात पापडासारखा फुगेल!"

"मग एवढ्यासाठी मला विचारलं तरी कशाला? आणा तुमचं सागवान!" दिपमालानं दवाखान्याच्या फायलीमागे यादी लिहून त्याच्या हातात कोंबली. "आणि हेही आणा. गुरुवारी आईंना दवाखान्यातून सोडतील, तेव्हा सगळं नवीनच लागणार आहे."

सोमवारी कचेरी सुटल्यावर हेमराजनं धुळ्याच्या बाजारात यादीतलं सामान घेतलं : बायकी छत्री, रबरी चपला, उशाशी ठेवायला तांब्याचा तांब्या, बॅटरीचा दिवा, काठी आणि नवं लुगडं. पिशवी खांद्याला अडकवून तो तोतारामभाऊंच्या पलंगांच्या दुकानात शिरला.

तोतारामभाऊंनी आधी पिशवी पाहिली. छत्रीचा दांडा पाहिला, चपला पाहिल्या, तांब्या पाहिला. मग त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

आता नेमधर्म पाळणाऱ्या कोणत्याही घरात ही यादी तोंडपाठ असते. माणूस गेलं की बाराव्या दिवसाच्या सुमाराला त्याच्या नावानं शय्यादान करतात. पलंग, गादी, उशी, छत्री, जोडे, तांब्या, दिवा, वस्त्र, काठी, सगळं ब्राह्मणाला द्यायचं. पुढच्या वाटेवर त्या जिवाला काही कमी पडू नये, ही त्यामागची माया. पण हेमराजनं आयुष्यात वाचल्या त्या फक्त सरकारी याद्या!

"कोणासाठी, भाऊ?" तोतारामभाऊंचा आवाज देवळात बोलावं तसा झाला.

"आईसाठी. धुरपदाबाई."

"चोपड्याकडच्या? वनाभाऊंच्या बहीण?"

"हो, वनामामा आमचे सख्खे. तुम्ही ओळखता?"

"माझी बहीण त्यांच्याच गावात दिलीय." भाऊंनी डोळे पुसले. असल्या वेळी खोदून विचारू नये, एवढं त्यांना समजत होतं. तीच तर पंचाईत! त्यांनी कोपऱ्यातला, दानासाठी सगळे नेतात तो हलका, अरुंद पलंग दाखवला. "बठ्ठे लोक हाऊच लेतस."

हेमराजनं टकटक केलं. "हा? हा तर कुशीवर वळलं तरी मोडेल! सागवानी दाखवा. आईला रोज त्यावर झोपायचंय."

तोतारामभाऊंनी हात जोडले. "एवढी श्रद्धा हल्ली कुठं राहिलीय, भाऊ! लोक नुसती रीत उरकतात."

दुकानदाराला आपली पारख पटली, असं समजून हेमराज फुगला. चार पायांचा, नक्षी नसलेला, अस्सल सागवानी पलंग गादी-उशीसकट ठरला.

"गुरुवारी दुपारच्या आत पिंप्राळ्याला पोचायला हवा," तो म्हणाला.

"अशा कामात उशीर करून कसं चालेल? पिशवीही इथंच ठेवा. बठ्ठं रीतसर मांडून देईल माझा टेम्पोवाला."

केवढी ही सेवा! हेमराज खूश होऊन बाहेर पडला. आणि तोतारामभाऊंनी बहिणीला फोन लावला.

गुरुवारी हेमराज आईला घेऊन दवाखान्याच्या गाडीतून पिंप्राळ्याला आला, तेव्हा दारात एक क्रुझर उभी होती आणि अंगणात आठ-दहा बायका पदर डोळ्यांना लावून हंबरडा फोडत होत्या. मधोमध, रागानं आधी फोनही न करता आलेले वनामामा दिपमालावर ओरडत होते, "बारावं करता आणि सख्ख्या भावाला सांगत नाही? माणसं आहात का कोण?"

"अहो मामा, ऐका तरी!" दिपमाला काकुळतीला आली होती. पण रडण्याच्या त्या पुरात तिचं कोण ऐकणार?

गाडीतून आईनं मान बाहेर काढली. आपल्या दारात रडारड पाहून तिच्याही डोळ्यांना धार लागली.

"कोन गयं वं माय?" ती रडत रडत म्हणाली.

वनामामांची बायको यशोदाबाई पदराआडून न पाहताच तिच्या गळ्यात पडली. "काय सांगू अक्का! आपल्या धुरपदाअक्का..." आणि तिची नजर वर गेली. ती जी किंचाळली, त्यानं समोरच्या कॉलनीतली कुत्री उठली!

सगळं उलगडायला अर्धा तास लागला. तोतारामभाऊंना फोन झाला. ते तिकडे इतके ओशाळले की अर्ध्यावर फोनच कट झाला. इकडे हसावं की रडावं, कोणाला कळेना. मग आईला उचलून आत आणलं.

खोलीत पलंग मांडलेला होता. पांढरी चादर. त्यावर घडी केलेलं लुगडं, छत्री, तांब्या, दिवा, काठी. पायथ्याशी चपलांचा जोड. तोतारामभाऊंनी आपल्यातर्फे आरसा आणि कंगवाही पाठवला होता.

आई खुर्चीवर बसून पाहत राहिली. यादी तिलाही पाठ होती. सासूचं हे सामान तिनंच स्वतःच्या हातानं मांडलं होतं.

"मनी सतरंजी टाका," आपली जुनी सतरंजी मागत ती एवढंच म्हणाली.

"आई, डॉक्टर म्हणाले..."

"सतरंजी टाक, भो. नाहीतर मी अशीच फरशीवर झोपते." आणि ती खरंच खुर्चीच्या कडेला सरकू लागली! दिपमालानं तिला मागून धरलं. हेमराज पुढून आडवा आला. ती एकदा का खाली गेली, की संपलं. आयुष्यभर त्यानं लाकडाची परीक्षा केली होती. पण आईला पलंगावर चढवायचं कसं, ते कोणत्याच निविदेत लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात वनामामा पुढे झाले. निरोप आल्यापासून दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेलं नव्हतं, डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी छत्री, लुगडं, तांब्या सगळं हातानं बाजूला सारलं आणि "जरा पाठ टेकस," म्हणून सरळ पलंगावर आडवे झाले.

"मामा, तो आईचा..."

मामा घोरू लागले. ट्रॅक्टर चढावर घ्यावा तसे. आई एकटक बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

आणि घोरणं बंद झालं!

एकदम. छातीही हलेना. खोलीत सगळ्यांनी श्वास रोखला. यशोदाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा आरशाकडे, आणि दुपारची दुसरी आरोळी ठोकली.

"काय बोंबलस वं?" मामांनी एक डोळा उघडला. "निजू दे ना! इतकी सुखनी झोप वरीसभर लागनी नही."

ते उठून बसले, पाय खाली सोडले, उभे राहिले आणि चहा मागितला. आई खुर्चीतून त्यांच्या पायांकडे पाहत होती. पलंगावरून आपल्या पायांनी उतरलेला माणूस तिनं आज पहिल्यांदाच पाहिला.

"सर बाजूले," ती म्हणाली. "मनी जागा शे ती."

हेमराज आणि दिपमालानं तिला हळूच पलंगावर बसवलं. तिनं गादी चाचपली, कडेचं लाकूड घट्ट धरून पाहिलं. हेमराजला भरून आलं. सागवान तो सागवान, असं काहीतरी म्हणणार, तोच वनामामा बशीतला चहा फुरकत म्हणाले,

"अक्का, पलंग झकास शे. तुना मांगे माले देजो!"

 आई रागानं लाल झाली, आधार झिडकारून ताठ बसली.

"वीस वरीस वाट पाह्य!" ती कडाडली. मग हेमराजकडे वळली. "आनि तू रे? बठ्ठं गाव मन्हासाठे रडनं. तू एकला पलंगकडे पाहत उभा!"

"अगं आई, तू जिवंत होतीस ना!"

"मंग? तू रडाले मी मरालेच पाहिजे का?" असं म्हणून आईनं उशी ओढली आणि ती त्याच्याकडे पाठ करून झोपली.