हिरव्या पट्ट्यावरचा डाग

तंजावरात वेंकटरावांसारखा गुप्तहेर दुसरा नाही, याबद्दल निदान वेंकटरावांच्या मनात तरी कधी शंका आली नव्हती. त्यांच्या दोन संगणकांच्या कचेरीबाहेर 'पत्र्याच्या वस्तूंचे डिझाइन' अशी पाटी होती, पण तो नुसता वेष होता. गरुडाची नजर, थंड डोकं आणि डावी भुवई एकटीच उचलण्याची कला, एवढं भांडवल त्यांच्यापाशी होतं. कचेरीतला हरवलेला पेचकस त्यांनी निव्वळ तर्काच्या बळावर शोधून काढला होता. तो त्यांच्याच खिशात निघाला, हा तपशील त्यांनी क्षुल्लक ठरवला होता.

त्या शुक्रवारी खरीखुरी केस स्वतःच्या पायांनी चालत आली. पापनाशमच्या एका शाळेला लहान मुलांसाठी पत्र्याचा बाक हवा होता, दोन ठिकाणी वाकलेला आणि सात रंगी पट्ट्यांचा. शिरस्त्याप्रमाणे नव्या कामाचा शुभारंभ वेंकटरावांनी केला आणि मग फाईल सहायक हरिप्रियेकडे दिली. तिनं संगणकात पत्रा सपाट ठेवून रेघा काढल्या, त्या सगळ्या एकदम निवडून त्यांच्यावरून पत्र्याच्या पृष्ठभागाचे तुकडे पाडले, तुकडे रंगवले आणि मग पत्रा वाकवला. पट्टे वळणावरून कसे झकास उतरले. फक्त मधल्या हिरव्या पट्ट्यावर, नेमका वळणाच्या जागी, एक करडा डाग उमटला. बेडकाच्या पिल्लासारखा, डोकं गोल आणि मागे शेपूट.

मुख्याध्यापिका अखिला मॅडम संध्याकाळी चित्र पाहायला येणार होत्या. हरिप्रियेचं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं. ते नापसंत झालं तर तिनं बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ती सकाळपासून डागाकडे बघत होती आणि वेंकटराव तिच्याकडे बघून भुवई उचलत होते.

"उघड आहे," ते म्हणाले. "वळणावर पत्रा ताणला जातो. ताणला की रंग अपुरा पडतो. त्यातून हिरवा रंग मुळात कमी ताणणारा."

संगणकातला रंग डब्यातून येत नाही, हे हरिप्रियेनं हळूच सांगून पाहिलं. मग तिनं वळणाची गोलाई वाढवली, कमी केली, शेवटी हिरव्याचा जांभळा केला. डाग जागचा हलला नाही.

दुसरा तर्क जास्त खोल होता. मागच्या वर्षी नोकरी सोडून तिरुचीला गेलेला श्रीकर नक्की सूड घेत असणार. वेंकटरावांनी त्याला फोन लावला आणि आवाज जाड करून विचारलं की आत्ता तू कुठे आहेस. श्रीकर मावसबहिणीच्या लग्नात पानावर बसला होता आणि पायसम वाढून झालं होतं. मागून नादस्वरम ऐकू येत होतं. इतका भक्कम पुरावा वेंकटरावांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. ते खट्टू झाले.

मग उरला एकच माणूस. फाईलला हात कुणाचा लागला होता? हरिप्रियेचा. वेंकटरावांनी हात मागे बांधले, खिडकीपर्यंत गेले, गर्रकन वळले आणि तिच्याकडे बोट केलं.

हरिप्रिया रागावली नाही. "मी केलं असतं तर सांगितलं असतं की, काका," ती म्हणाली. "तुम्हाला तसंच वाटत असेल तर आत्ताच घरी जाते. क्लासला नाव तरी घालता येईल."

तिनं जेवणाचा डबा पिशवीत भरायला घेतला. वेंकटरावांना वाईट वाटलं. एवढ्या शिताफीनं पकडलेली आरोपी निर्दोष आहे, हे त्यांना तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि उचललेली भुवई आता खाली कशी आणावी ते कळत नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी ताराबाई कॉफी घेऊन वरून आल्या. पेले ठेवता ठेवता त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हिंगे, या बाकावर, पिळ्ळैयार सुळी काढायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

वेंकटराव आणि हरिप्रिया दोघंही पडद्यावर वाकले.

पिळ्ळैयार सुळी म्हणजे कागदावर काहीही लिहायच्या आधी गणपतीच्या नावानं काढायची ती छोटी वळणदार खूण. वेंकटराव ती किराण्याच्या चिठ्ठीवर काढत, विजेच्या बिलावर काढत, आणि प्रत्येक नव्या फाईलीत पहिली रेघ म्हणूनही काढत. बाकाची फाईल उघडल्यावर त्यांनी भक्तिभावानं ती पत्र्याच्या बरोबर मधोमध काढली होती. पुढे दोनातलं एक वळण नेमकं तिथेच आलं. हरिप्रियेनं सगळ्या रेघा निवडल्या तेव्हा तीही निवडली गेली. संगणकानं श्रद्धेचा वेगळा तुकडा पाडला आणि त्याला कुणीच रंग दिला नाही.

"अस्कि, सगळ्या चिठ्ठ्यांवर हेच असतं," ताराबाई म्हणाल्या. "शेपूट बघा की. तुमचंच आहे."

गुन्हेगार सापडला होता. तो कॉफीच्या पेल्यात तोंड घालून उभा होता.

आता ती खूण पुसायची कुणी? पोरांनी त्यावर बसायचं म्हणजे पाप, आणि पुसायची म्हणजे त्याहून मोठं. वेंकटरावांचा हात डिलीटच्या बटणापर्यंत गेला आणि गालावर दोन थापट्या मारून घेऊन परत आला. ताराबाईंनी तर मान फिरवली. तेव्हा हरिप्रियेनं डबा खाली ठेवला, ती खूण अलगद उचलली आणि पत्र्याबाहेर, नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. हिरवा पट्टा वळणावरून अखंड खाली उतरला.

अखिला मॅडमना बाक आवडला. कोपऱ्यातली खूण पाहून त्यांनी आधी हात जोडले आणि मग सही केली.

त्या गेल्यावर वेंकटरावांनी नकाशाच्या तळाशी, जिथे एरवी त्यांचंच नाव असे, तिथे स्वतः टाईप केलं: 'डिझाइन: हरिप्रिया'. शेजारी 'तपासणी' असा रकाना होता. तिथे ते बराच वेळ अडले. एवढा मोठा तपास करूनही तिथे आपलं नाव घालायची त्यांना लाज वाटत होती.

शेवटी त्यांनी 'ताराबाई' असं लिहिलं आणि भुवई खाली आणली.