कानाकडची बाजू

तो मंगळवार होता, म्हणजे आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस. मी पिंपात पाइप धरून उभा होतो. तेवढ्यात माझा मेहुणा भीमराज सायकलवरून आला आणि म्हणाला, पुण्याहून पत्र आलंय, इंग्रजीत आहे, वाचून दाखवा. हात ओले आहेत, उद्या बघू, असं मी म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं ट्रेसरची, म्हणजे नकाशे उतरवून काढायची, नोकरी केल्यावर इंग्रजी कागद दिसला की मला राहवत नाही.

भीमराज गिटारी करतो. साध्या नव्हेत, फ्लॅमेंको. स्पेनमधल्या जिप्सी लोकांचं हे वाद्य. लाकूड हलकं आणि पातळ, आवाज तापल्या कढईत फुटाणे उडावेत तसा. मुंबईत एका कारखान्यात तो हे काम शिकला आणि नगरला परत येऊन, दारं-खिडक्या करता करता, वर्षाकाठी दोन-तीन गिटारी हातानं करू लागला. त्यानं केलेली पहिलीच गिटार माझी. माझी बायको जयमाला ही त्याची थोरली बहीण. ऑफिसातून आलो की मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो, असं म्हणून तिनंच ती माझ्यासाठी करून घेतली. साखर कारखान्यात परदेशातून एक यंत्र आलं होतं, त्याच्या खोक्याच्या फळ्यांतून ती झाली. चौदा वर्षं मी ती रोज संध्याकाळी वाजवली.

जयमालाला जाऊन येत्या रविवारी वर्ष होत होतं. बुद्धवंदना झाल्यावर तिची आवडती धून वाजवायची, एवढंच मी ठरवलं होतं. (आवडती म्हणजे, मला तीच एक शेवटपर्यंत येते.)

पत्र पुण्यात गिटार शिकवणाऱ्या एका सरांचं होतं. त्यांची गिटार भीमराजकडे जवळजवळ तयार होती. आता त्यांना तिच्या कडेला, वरच्या बाजूला, एक नक्षीदार भोक हवं होतं. परदेशात हल्ली असं करतात. त्यामुळे वाजवणाऱ्याला आपलं वादन समोरच्याला ऐकू येतं तसंच ऐकू येतं. हे वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं. त्यात माझ्यासाठी काही धोका असेल, असं मला एकदाही वाटलं नाही.

भीमराज घाबरला. झालेल्या गिटारीच्या कडेला करवत लावायची आणि हात सटकला तर सगळी मेहनत पाण्यात. मी म्हणालो, त्यात काय, आधी माझ्या गिटारीवर हात बसवून घे.

नक्षीचं काम अर्थातच माझ्याकडे. जयमालानं उशीच्या अभ्र्यावर भरलेलं पिंपळपान मी ट्रेसिंग पेपरवर उतरवलं, देठासकट. सवयीनं कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढला. तो पुसला. दुसऱ्या एका बाणाचं मात्र मला काही करता आलं नाही.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी भीमराजच्या शेडवर गेलो. तारा काढलेली गिटार टेबलावर घोंगडीवर पालथी पडली होती. भीमराजनं विचारलं, कानाकडची बाजू कुठली? आता चौदा वर्षं जी वस्तू मांडीवर घेतली तिची वरची बाजू मला माहीत असायला हवी. पण पालथ्या गिटारीला दोन्ही बाजू सारख्याच असतात. मी स्टुलावर बसून हवेत गिटार धरून दाखवली. भीमराज म्हणाला, तोंड इकडं करा. मी तोंड तिकडे केलं, तशी बाजू बदलली. पुन्हा वळलो, पुन्हा बदलली. शेवटी वैतागून भीमराजनं गिटार उचलली आणि तिच्या पोटात बॅटरीचा झोत टाकला. आत, पाठीच्या फळीवर, खोक्याचा जुना शिक्का होता. एका कडेकडे रोखलेला ठळक बाण, आणि खाली इंग्रजीत, ही बाजू वर.

"लिवलेलंच हाय की, भावजी," तो म्हणाला.

लेखी आहे म्हटल्यावर मी काय बोलणार? मी सरकारी माणूस.

पान सुरेख उतरलं. दोन तास लागले, पण कडेला एक चरा नाही. तारा चढवून मी गिटार मांडीवर घेतली, आणि पान माझ्या मांडीखाली गेलं.

भीमराजनं खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "पान मात्र लई झकास झालंय."

"दिसणार कुणाला?"

"तुमच्या मांडीला."

मग वरच्या, कानाकडच्या बाजूला दुसरं पान कापणं आलं. तेही झालं. मी वाजवायला बसलो, आणि मला ऐकू आलं.

आधी वाटलं, दोन भोकांनी गिटार बिघडली. ठेका मध्येच बसत होता, मध्येच उठून जात होता. एक तार भांडं घासल्यासारखी करकरत होती. शिवाय दर चार सुरांनंतर कुणीतरी 'हं' म्हणत होतं. तो मीच होतो. मी गिटार भीमराजच्या हातात दिली. त्यानं दोन बोटं फिरवली, तर काय गोड वाजली.

"मी असंच वाजवतो?" मी विचारलं.

तो रंधा शोधू लागला. "पहिल्यापास्नं."

"आणि जयमाला?"

"अक्काला म्हाईत हुतं की."

घरी येताना सगळा उलगडा झाला. मी गिटार काढली की जयमाला उठून कुकर लावायची. आमच्याकडे डाळ नेहमी पाच शिट्ट्यांची असे. मी समजत होतो, स्वयंपाकाची वेळ झाली.

रविवारी न वाजवायचं ठरवून मी गिटार कपाटामागे ठेवली. वंदना झाली, खीर वाटून झाली. मग सगळे माझ्याकडे बघत बसले. शेजारच्या रंगुबाईंनी विचारलं, आज वाजवायचं नाही का? मी म्हणालो, हात दुखतो. त्या म्हणाल्या, दुखू दे, वाजवा. नाइलाजानं गिटार काढली.

पहिला सूर लागला आणि रंगुबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून कुकरचं झाकण बसवल्याचा आवाज आला. मी थांबलो. जेवण तर केव्हाच तयार होतं.

"हे काय करताय?" मी विचारलं.

त्या दारात आल्या. "जयमालानं दवाखान्यात सांगून ठेवलंय, भाऊ. ह्यांनी वाजवाय घेतलं की कुकर लावत जा, पर त्यास्नी थांबवू नका. वाजवत्यात तवर एका जागी बसत्यात."

कुणी हसलं नाही. भीमराज पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मी धून पहिल्यापासून घेतली आणि शेवटपर्यंत वाजवली. पाच शिट्ट्या झाल्या. कुकरात नुसतं पाणी होतं, हे मला नंतर कळलं.

पुण्याच्या सरांच्या गिटारीला पान पहिल्याच फटक्यात बरोबर बाजूला पडलं. ते खूश होऊन ती घेऊन गेले. त्यानंतर भीमराज म्हणाला, तुमची आणून टाका, कापलेला तुकडा परत बसवून मांडीकडचं भोक बुजवून देतो.

मी म्हणालो, मांडीकडचं राहू दे, कानाकडचं बुजव.

"आवो, त्येच तर बराबर पडलंय."

"म्हणूनच."

कानाकडचं कापून निघालेलं पान मी जयमालाच्या रांगोळीच्या डब्यात ठेवलं आहे. ते अजून बसवायचं राहिलं आहे.