काकूंचा तंबोरा आणि माझी काळी चार

गुरसरायहून लग्न होऊन मी झाशीला आले तेव्हा हार्मोनियमच्या दोन परीक्षा पास होते. जगातलं सगळं बेसूर आपणच सुरात आणायचं आहे, अशी माझी समजूत होती. त्या भरात पहिल्याच महिन्यात मी चुलतसासऱ्यांचा तंबोरा त्यांना न विचारता पेटीवर जुळवून ठेवला. माझ्या नाती मला शहाणी समजतात. त्यांनी हे वाचू नये.

चुलतसासरे म्हणजे अण्णा. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि दिसेल ती ताणलेली वस्तू छेडून बघायचे. बाजेची दोरी, पतंगाचा मांजा, काही सुटत नसे. अंगणातल्या कपडे वाळवायच्या तारेवर विशेष जीव. उन्हाने ती सैल पडली की तिचा आवाज उतरायचा. अण्णा टिचकी मारून, कान देऊन तापमान जाहीर करायचे, "आज पंचेचाळीस." सांडगे घालायचे असले की भिंतीपलीकडून मिश्राइन भाभी विचारायच्या, "मास्साब, आज बड़ी डाल दें?"

तार चौपट ताणली की स्वर दुप्पट चढतो, हा त्यांचा लाडका नियम. स्वयंपाकघरात माझा आवाज चढला की बाहेरून शांतपणे म्हणत, "सूनबाई, ताण चौपट झालाय."

नियम न सांगता ते फक्त काकूंचा तंबोरा छेडत. काकू म्हणजे त्यांची बायको; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. रोज चहाआधी अण्णा चारही तारा बघत. एखादी उतरली असली तर उरलेल्या तिघींवरून ती लावत आणि खोळ चढवत. गात कोणीच नसे. मला एवढंच दिसलं, की त्याचा षड्ज पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतोय. मी ठणठणीत काळी चारला नेला. चारही तारा.

सकाळी अण्णा खुंट्या पिळत बसले. चहा दोनदा गरम केला. तो स्वर काकूंच्या गळ्याचा होता, आणि आता तो सांगायला एकही तार उरली नव्हती. मी रडत विचारलं, त्याचा आकडा लिहून ठेवला असेल ना? त्यांनी मान हलवली. घरातली तार न् तार मोजणाऱ्या माणसाने ही मोजलीच नव्हती.

तीन दिवस अंगणातल्या तारेला त्यांनी हात लावला नाही. झाशीत ऊन किती, आम्हाला कळलं नाही. चौथ्या दिवशी तंबोरा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सूनबाई, ती पेटी आत ठेव. आणि रोज सकाळी हा थोडा चुकीचा लावत जा. कधीतरी बरोबर लागेल."