ओतिलियाबाईंचा दगडांचा तास

"दगड काय फळ्यावर काढून शिकवायची गोष्ट आहे?" ओतिलियाबाई हेडमास्तरांना म्हणाल्या. "पोरांच्या हातात दिला पाहिजे! खरवडू दे, घासू दे, जोखू दे. सोमवारी माझा तास बघाच तुम्ही!"

"बघायचं काय त्यात?" हेडमास्तर डॉन एलियोदोरो जांभई आवरत म्हणाले. "या गावात वर बघा, दगड. खाली बघा, दगड."

खोटं नव्हतं ते. बोलिव्हियातलं ते कथिलाच्या खाणीचं गाव डोंगराच्या उतारावर गोचिडासारखं चिकटलेलं होतं. पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तिसरीच्या वर्गाला बजावलं, "रस्त्यावरचा धोंडा आणायचा नाही हं! घरात ज्याचं काही काम आहे, असाच दगड आणा."

इथंच माशी शिंकली.

सोमवारी पोरं आली ती वेठबिगारांसारखी वाकून! कुणी खांद्यावर, कुणी हातगाडीवर. ब्रिसेइदानं तर आईच्या शालीत दगड पाठीवर बांधून आणला होता, तान्हं बाळ आणावं तसा. बाईंनी खिळे वाटले, काचेचे तुकडे ठेवले, व्हिनेगरची बाटली उघडली. आणि वर्ग नुसता पेटला!

"बाई, माझ्या दगडाला फेस येतोय!"

"चुना आहे त्यात! शाब्बास!"

मिठाचा दगड ओळखायला जीभ लावतात, हे कळताच विल्मेरनं ब्रिसेइदाचा दगड चाटला आणि छताला डोकं लागेल एवढी उडी मारली. तो मिरची वाटायचा दगड होता!

त्याला पाणी पाजून बाईंनी त्याचाच दगड उचलला. "केवढा जड रे! घरी याचं काम काय?"

"बाबांच्या लॉरीच्या चाकाखाली असतो. ब्रेक गेलाय ना!"

बाईंनी दगड घाईनं खाली ठेवला. "आणि लॉरी कुठं असते?"

"उतारावर."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. सगळे खिडकीशी धावले. ड्रायव्हरविना लॉरी वरातीच्या चालीनं खाली येत होती! हेडमास्तरांच्या आवारात थंडीनं गोठवलेले बटाटे, तुडवून पाणी काढून वाळवण्यासाठी पसरलेले होते. लॉरी त्यांवरून डुलत गेली आणि मातीच्या भिंतीला नाक लावून थांबली. माणसं वाचली, हे नशीब!

मग दारात गर्दी उसळली. ब्रिसेइदाची आई, दोन्या सातुर्निना, सगळ्यांत पुढे. "माझा दगड कुठाय? दुपारची चटणी काय कपाळावर वाटू?"

"पोराला शिकायला पाठवलं की माझी लॉरी पळवायला?" विल्मेरचे बाबा, डॉन फेर्मिन, गरजले.

बाईंना वाटलं, गेली नोकरी! पण विल्मेर पुढं झाला. "बाबा, हातात घेऊन बघा. आकाराच्या मानानं भलताच जड आहे ना? यात कथील आहे!"

डॉन फेर्मिननी दगड उजेडात धरला, फिरवला, पुन्हा जोखला. "आयला!" ते पुटपुटले. "कथिलासाठी डोंगर पोखरतोय जन्मभर, आणि हे चाकाखाली!"

"आणि माझा गं?" दोन्या सातुर्निनांचा आवाज एकदम उतरला.

"ज्वालामुखीतून आलाय, आई. खिळ्यानं ओरखडाही उठत नाही!"

"सासूबाईंनी दिलाय. उठेल कसा?"

झालं! आयांनी खिळे उचलले, बाप व्हिनेगरसाठी रांगेत उभे राहिले. शेवटी गुडघ्यापर्यंत बटाट्यात माखलेले डॉन एलियोदोरो आले. सगळे बाजूला सरले.

"बायको दोन दिवस तुडवत बसली असती, ते लॉरीनं मिनिटात केलं," ते गंभीरपणे म्हणाले. "पुढच्या वर्षी हा धडा याच आठवड्यात घ्या, बाई."

हळूहळू लोक आपापले दगड उचलून गेले. बाई तृप्त होऊन वर्ग आवरू लागल्या. कोपऱ्यात चार चपटे दगड उरले होते, आणि त्यांच्याशेजारी छोटी नाय्दा.

"तुझे का गं? घरी काय काम यांचं?"

"आमच्या घरी दगडच नाहीत, बाई. आमच्या पत्र्याला खिळे आहेत. म्हणून तुमच्या पत्र्यावरचे आणले."

बाहेर दुपारचा वारा नुकताच सुटला होता. बाईंनी डोळे मिटले, उघडले.

"काचेवर ओरखडा उठतो का, बघितलंस?"

"उठतो, बाई!"

"शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि चारही दगड कवटाळून घराकडे धावत सुटल्या.